'च'ची किंमत : जुन्या घराच्या डागडुजीचा व्याकरणिक ताळेबंद

विटेची किंमत नगावर ठरते, वाळूची ब्रासवर, लोखंडाची किलोवर आणि गवंड्याची रोजावर. अव्ययाची किंमत कशावर ठरते, याचा विचार मात्र आजवरच्या व्याकरणकारांनी केलेला दिसत नाही. प्रस्तुत लेखकाने तो केला आहे. हौसेने नव्हे. त्यापायी 4 लाख 87 हजार रुपये गेलेले आहेत. विद्यापीठात याहून कमी खर्चात पीएच.डी. होते.

विषयाची व्याप्ती अशी. साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या एका पेठेत 1958 सालचं एक बैठं घर आम्ही 2024च्या गुढीपाडव्याला विकत घेतलं. दगडी जोतं, मातीत रचलेल्या विटांच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा, डोक्यावर मंगलोरी कौलं, पायाखाली शहाबादी फरशी, मागे परसात आड आणि आडावर गंजून बसलेला रहाट. मी आयुष्यभर पुण्यात कॉलेजात मराठी व्याकरण शिकवलं, सौ. बँकेत होती. घर आधी राहण्याजोगं करायचं आणि दसऱ्याला, 12 ऑक्टोबरला, उंबऱ्यावर नारळ फोडून आत जायचं, असा बेत होता. नारळ फुटला तो 30 मार्च 2025ला, म्हणजे पुढच्या पाडव्याला. मधल्या काळात जे जे फुटलं त्याचा हा अहवाल.

साधनसामग्री म्हणजे सौ.ची वही. बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाची वही कशी असते ते सांगायला नको. लाल रेघेचा समास, डावीकडे तारीख आणि रक्कम, मग तपशील, खाली पान-बेरीज, पुढच्या पानावर 'मागील बाकी'. मी तिच्यात उजवीकडे फक्त एक रकाना वाढवला: 'कारणीभूत वाक्य'. पैसे कशावर गेले हे न पाहता कुठलं वाक्य तोंडातून निघाल्यामुळे गेले ते तिथे नोंदवायचं. "व्हाउचरवर वाक्य नसतं," असा सौ.चा पहिला आक्षेप होता. पण ऑगस्ट उजाडेपर्यंत तिलाच त्या रकान्याची गोडी लागली. मी चार दिवस पुण्याला गेलो असताना तिने केलेल्या नोंदी माझ्याहून काटेकोर आहेत. एके ठिकाणी तर "बघा तुम्हाला योग्य वाटेल तसं" हे फोनवरचं माझंच वाक्य माझ्याविरुद्ध टाकलेलं आहे. पुढे रक्कम, रुपये 9,200.

मूळ अंदाजपत्रक आमच्या मिस्त्रींनी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर लिहून दिलं. कौलं-छप्पर 1,10,000. लाइटचं काम 90,000. प्लंबिंग वगैरे 60,000. गिलावा 85,000. फरशी 1,20,000. रंग 95,000. किरकोळ 40,000. एकूण 6,00,000. बेरीज शून्यांवर इतकी सुबक बसली, तिथेच खरं तर मला शंका यायला हवी होती. खरा खर्च कधी शून्यावर संपत नाही. पत्रिकेच्या छापील बाजूला 'आपली उपस्थिती हाच आमचा आहेर' असं होतं. मिस्त्रींच्या उपस्थितीबद्दल पुढे स्वतंत्र विवेचन येईल.

'घर पाहावं बांधून' ही म्हण या शास्त्रात फारशी कामाची नाही. बांधणाऱ्यापुढे मोकळी जागा असते, तो चुका स्वतःच्या हाताने आणि पहिल्यापासून करतो. डागडुजी करणाऱ्यापुढे दुसऱ्याने केलेल्या चुका असतात, त्याही गिलाव्याखाली झाकलेल्या. म्हण करणाऱ्याने जुनं घर घेतलं असतं तर म्हणीत लग्नाचा उल्लेख आलाच नसता. तेवढी उसंत त्याला मिळाली नसती.

अंदाज चुकण्याबद्दल जगभर पुष्कळ लिहिलं गेलंय. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवून दिलं की माणूस कामाचा अंदाज बांधताना तशाच जुन्या कामांना किती वेळ लागला होता हे बघत नाही. आपलं काम अगदी सुरळीत पार पडणार असं धरून चालतो. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा पहिला अंदाज 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता. खर्च आला 10 कोटी 20 लाख, आणि 1963 मध्ये पुरं व्हायचं ते 1973 मध्ये उघडलं. साडेचौदा पट! आमचं जेमतेम 1.81 पट. हे मी सौ.ला समाधानासाठी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यांना निदान गाणं ऐकायला मिळतं."

याहून उपयोगाचा दाखला व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने देऊन ठेवला आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातल्या आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागाच्या आरंभी तो इफिसस नावाच्या ग्रीक शहरातला एक जुना कायदा सांगतो. सरकारी काम घेणाऱ्या स्थपतीने आधी खर्चाचा आकडा सांगायचा आणि काम पुरं होईपर्यंत स्वतःची मालमत्ता गहाण ठेवायची. खर्च सांगितल्याइतका आला तर त्याचा सन्मान. एक चतुर्थांशापर्यंत वाढला तर वाढीव रक्कम खजिन्यातून. त्याहून जास्त वाढला तर वरचे पैसे स्थपतीच्या मालमत्तेतून. या हिशेबाने आमच्याकडून जास्तीत जास्त दीड लाख जाणार आणि उरलेले 3 लाख 37 हजार मिस्त्रींची मोटारसायकल, मिक्सर आणि लिंब गावाजवळची सोळा गुंठे जमीन यांतून वसूल होणार. मी हा कायदा एका दुपारी त्यांना समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला, तंबाखूची चिमूट दाढेखाली सरकवली आणि म्हणाले, "तिथं वळीव पडत नसंल, सर."

आता मुख्य प्रमेयाकडे वळू.

मराठीत 'च' हे शुद्ध शब्दयोगी अव्यय आहे. शुद्ध शब्दयोगीचं लक्षण असं की ते ज्या शब्दाला लागतं त्या शब्दाचं सामान्यरूप होत नाही. 'घराला', 'घरावर' म्हणताना 'घर'चं 'घरा' होतं. 'घरच' म्हणताना घर जसंच्या तसं राहतं. हे मी अडतीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. सामान्यरूप शब्दाचं होत नाही, घरमालकाचं होतं, हे फळ्यावर कधीच लिहिलं नाही, कारण ठाऊक नव्हतं. मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911चं, आणि पोरबंदरचा सिमेंट कारखाना सुरू झाला 1914मध्ये. 'च'ची आर्थिक बाजू व्याकरणाच्या नजरेतून निसटली ती या तीन वर्षांच्या अंतराने, असं माझं मत आहे.

महागडा 'च' एकटा येत नाही. तो 'तर'ला बरोबर घेऊन येतो: "आता फोडलंच आहे तर…", "आता काढलंच आहे तर…", "माणूस आलाच आहे तर…". विद्यार्थ्यांना आपण ही संकेतार्थी रचना म्हणून शिकवतो, 'जर पाऊस पडला तर पीक येईल' या वर्गातली. तो वर्ग इथे लागू होत नाही. पावसाच्या वाक्यात 'जर' आहे. फोडण्याच्या वाक्यात 'जर' कुठे आहे? 'जर' म्हणजे शंका, 'तर' म्हणजे खर्च. शंका घ्यायची ती जागा मिस्त्रींनी छिन्नीने आधीच मोकळी केलेली असते. उरतो तो नुसता 'तर', आणि 'तर'ला रेटा द्यायला मागे 'च'. वहीत ही जोडी 23 वेळा आलेली आहे. एकूण 2 लाख 41 हजार. दर उच्चाराला सरासरी 10,478 रुपये. अर्धी मात्रा वाचली तर वैयाकरणाला मुलगा झाल्याइतका आनंद होतो असं म्हणतात. 'च'ची एक मात्रा वाचली असती तर आम्हाला मुलगा नको होता, न्हाणीघर पुरलं असतं.

न्हाणीघराचं प्रकरण नमुन्यादाखल सविस्तर देतो. त्याला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. तिथे कमरेइतक्या उंचीवर एक जुना पितळी नळ होता आणि तो टिपकत होता. बिघाड वायसरचा, वायसर दहा रुपयांना. प्लंबरने पाना लावून नळ फिरवला. पहिल्या वेढ्याला तो हलला नाही, दुसऱ्याला किंचित कुरकुरला आणि तिसऱ्याला थेट प्लंबरच्या हातात आला. येताना पाइपाचे आटे घेऊन आला. प्लंबरने तो तळहातावर धरून मला दाखवला, डॉक्टर उपटलेली दाढ दाखवतात तसा. जुना लोखंडी पाइप आतून गंजून गंजून इतका भरला होता की पाऊण इंची नळीत उदबत्तीची काडी कशीबशी शिरली. (ती घालून पाहण्याची सूचना माझी. तिचे पैसे पडले नाहीत.) मग गंज कुठवर गेलाय ते बघायला हातभर भिंत फोडली.

"आता भिंत फोडलीच आहे तर गरम पाण्याची लाइन टाकून घ्या, सर. परत फोडायला नको."

'परत फोडायला नको' हा या रचनेचा पालुपद-भाग. त्याचा प्रतिवाद करता येत नाही, कारण परत फोडायची कोणालाच इच्छा नसते. नवा पाइप भिंतीत गेला. भिंतीवर जुन्या सहा बाय सहाच्या पांढऱ्या टाइल्स होत्या. तसल्या आता मिळत नाहीत. दोन ओळी फुटलेल्या, म्हणून चारी भिंतींना नव्या. चारी भिंती नव्या झाल्यावर जमीन केविलवाणी दिसू लागली. "उखडायचे पैसे वाचवू, वरूनच बसवू," असं मिस्त्री म्हणाले. या सबंध वर्षात काटकसरीचा शब्द त्यांच्या तोंडून एवढ्या एकाच प्रसंगी आला. वरून बसवल्यामुळे जमीन दीड इंच वर आली. नहाणी ट्रॅप दीड इंच खाली राहिला. (प्लंबर त्याला 'नानी ट्रॅप' म्हणतात. हा शब्द आपल्या न्हाणीतून निघून भारतातल्या इंग्रजी प्लंबिंगच्या पुस्तकांत जाऊन बसला आहे. मराठीने जगाला काय दिलं, असं विचारणाऱ्यांना हे सांगता येईल.) ट्रॅप बदलायचा तर बाहेरच्या चेंबरपर्यंत खोदायचं. खोदलंच आहे तर चेंबरही. इकडे दीड इंच वर आलेल्या जमिनीवर दार अडकायला लागलं. सुताराच्या मापात दीड इंच म्हणजे बारा सूत. बारा सूत कापायला म्हणून दार बिजागरीतून काढलं, तर खालची पट्टी पाण्याने भुसा झालेली. दार काढलंच आहे तर फायबरचं.

वहीत या साखळीची बेरीज आहे 1,26,400. पहिली ओळ 'वायसर, 10' अशी आहे आणि तिच्यापुढे सौ.ने शिसपेन्सिलीने बरोबरची खूण केली आहे. वायसर खरोखरच आणला गेला होता. तो अजून डब्यात आहे.

छपराचं प्रकरण याच धाटणीचं, म्हणून थोडक्यात. कौलं साठेक फुटली होती. बासेल मिशनने मंगलोरला 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला, पुढे इतर अनेक निघाले, आणि प्रत्येकाच्या साच्यातली खाच निराळी. त्यामुळे एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या कौलात नीट बसत नाही. सासरच्या माणसांसारखं नुसतं शेजारी राहतं. पाडलेल्या एका वाड्याच्या ढिगातून आमच्या जातीची साठ कौलं शोधून आणली. तोवर पाखं उघडं पडलं होतं, आणि "पाखं उघडलंच आहे तर" वाशांची टोकं, रिपा आणि वळचणीची फळी यांचे 64 हजार झाले. तेवढ्यात वळीव आला. मिस्त्रींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की इफिससचा विषय मी पुन्हा काढला नाही.

दुसऱ्या क्रमांकाचं कारण अव्यय नसून क्रियापद आहे: 'निघणे'. "वाळवी निघाली, सर." "आत ओल निघाली." "वायरींना अर्थिंगच नाही निघालं." अकर्मक क्रियापद, आणि त्याला माणूस कर्ता नाही. छिन्नी मिस्त्रींच्या हातात, हातोडी मिस्त्रींच्या हातात, पण वाळवी निघते ती आपली आपण, जणू तिला बाहेर काही काम होतं. हेच मिस्त्री दुरुस्तीबद्दल बोलायला लागले की "मी पाइप बसवला" असा तृतीयेचा कर्ता आणि ठसठशीत कर्मणी प्रयोग. पाइप फुटतो तेव्हा 'फुटला', बसतो तेव्हा 'मी बसवला'. आमच्या घरात बिघाडाला वर्षभर कर्ता मिळाला नाही.

'निघणे' सगळ्यात महाग पडलं ते रस्त्याकडच्या भिंतीत. तिला लोणा लागला होता. (लोण्याशी संबंध नाही.) पांढरी खारट पापुद्री धरायची, हात लावला की भुरभुर गळायची. धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं अनुमान नैयायिक करतात. लोणा दिसला की आत ओल आहे हे अनुमान तितकंच पक्कं. पण ओल का? भिंत मातीत रचलेली, गिलावा चुन्याचा, म्हणजे जमिनीतून चढलेली ओल भिंतीतून आपोआप बाहेर पडायची आणि वाऱ्यावर सुकायची. आधीच्या कोणी तरी, घर पक्कं करण्याच्या चांगल्या हेतूने, त्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. ओलीची वाट बंद झाली. ती आतल्या अंगाला वळली आणि क्षार घेऊन दिवाणखान्यात आली. उपाय एकच, सिमेंट उतरवून पुन्हा चुना. चुन्याचं काम येणारा गवंडी आता सहजी मिळत नाही. मिळाले ते सत्तरीचे गृहस्थ होते. भिंतीला थाप मारायचे आणि कान लावून ऐकायचे. अख्ख्या वर्षात मला त्यांच्या तोंडून एकदाही 'च' ऐकायला मिळाला नाही. मुळात ते बोलतच नसत. पैसे घेताना फक्त "हां" म्हणाले.

आता मिस्त्रींच्या उपस्थितीचं विवेचन. न्यायशास्त्रात अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत आणि हे चारही ज्याने एका घरात पाहिले असा माझ्याखेरीज दुसरा कोणी मला भेटलेला नाही. प्रागभाव म्हणजे वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा अभाव: याला सुरुवात नसते, शेवट असतो. हा अ‍ॅडव्हान्स देण्यापूर्वीचा. प्रध्वंसाभाव म्हणजे मोडतोडीनंतरचा: याला सुरुवात असते, शेवट नसतो. हा अ‍ॅडव्हान्स दिल्यानंतरचा. अन्योन्याभाव म्हणजे घट हा पट नव्हे: जिथे वायरमन आहे तिथे प्लंबर नाही, आणि प्लंबर येऊन झिऱ्या बुजवून गेल्याशिवाय वायरमनला आपल्या झिऱ्या मारायच्या होत्या हे आठवत नाही. उरला अत्यंताभाव, भूत-वर्तमान-भविष्य तिन्ही काळी नसणं. तो सुतार.

काळांवरून आठवलं. फोनवर मिस्त्री "आलोच" म्हणत. क्रियापद भूतकाळी, अर्थ नजीकच्या भविष्याचा. मराठीत हे चालतं, मी स्वतः परीक्षेत याला गुण दिलेत. "उद्या येतो" हा वर्तमानकाळ, अर्थ भविष्याचा. "होऊन जातंय" यात काळ नाही, नुसता आशीर्वाद आहे. साधा सरळ भविष्यकाळ, "मी सोमवारी येईन" असा, त्यांनी एकदाच वापरला. त्या सोमवारी आले ते त्यांचे मेहुणे.

यावर पूर्वपक्ष असा निघेल की, मग 'च'वर बंदी घालायची. प्रयोग करून पाहिला. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात घरात आणि कामावर कोणी 'च' उच्चारायचा नाही असा नियम मी जाहीर केला. सौ.ने पाळला. मिस्त्रींनी तर फारच मनावर घेतला; वाक्याच्या मध्येच थांबायचे, जीभ चावायचे. आठवड्याचा जादा खर्च 18 हजार. कारणीभूत वाक्य: "पोर्चला पण करूया की." साताऱ्यात 'च'ला अटकाव केला तर त्याच्या जागी 'की' येऊन बसतो. शिवाय 'एवीतेवी' होताच. एवीतेवी रंगारी येणार म्हणून खिडक्यांचे गज, एवीतेवी परांची बांधलेली आहे म्हणून शेजाऱ्यांच्या बाजूची भिंत. 'की' आणि 'एवीतेवी' या दोघांचे मिळून 58 हजार. शेजारी भेटले की हसतात. भिंत त्यांच्या अंगणातून फार छान दिसते.

मापांबद्दल थोडं. जुन्या घराच्या कामात दोन मापं शिकावी लागतात. एक सूत, इंचाचा आठवा भाग. दुसरं ब्रास, आणि हे मोठं गमतीचं, कारण वाळू-खडीला ब्रास म्हणजे शंभर घनफूट आणि गिलाव्याला शंभर चौरस फूट. एकच शब्द लांबी-रुंदी-उंची पाहून आपला अर्थ बदलतो. पण दोन्ही पक्की आहेत, त्यांच्यावर भांडता येतं. तिसरं माप पक्कं नाही, आणि ते दुकानात भेटतं: 'जरा'. "जरा बरी घेऊ." टाइलच्या दुकानात आम्ही 48 रुपये चौरस फुटाची ठरवून गेलो होतो. दुकानदाराने आधी 110ची दाखवली, ही बघून घ्या, घेऊ नका म्हणाला. मग 48ची काढली. तीच टाइल, जी फलकावर आम्हाला आवडली होती, तिच्याकडे आता बघवेना. शेवटी 72ची घेतली. म्हणजे एक 'जरा' बरोबर 24 रुपये चौरस फूट, आणि 620 चौरस फुटांना 14,880. स्विचच्या दुकानातला 'जरा' वेगळ्या लांबीचा निघाला, नळांच्या दुकानातला त्याहून वेगळा. सगळे मिळून 49 हजार. हे माप प्रमाणित करण्याची गरज आहे. शासनाने निदान जिल्हावार दर तरी जाहीर करावेत.

उरले 27 हजार. त्यांतले 9,200 माझ्या त्या फोनवरच्या वाक्याचे. बाकीचे 'वगैरे'चे. 'प्लंबिंग वगैरे 60,000' असं अंदाजपत्रकात होतं ते आठवत असेल. मी वाचताना 'प्लंबिंग' वाचलं होतं. 'वगैरे' मूळचा अरबी शब्द, 'आणि त्याखेरीजचं' अशा अर्थाचा. त्याखेरीजचं म्हणजे काय हे तो मराठीत आल्यापासून आपण कोणी विचारलेलं नाही. टाकीखालचा ओटा, टाकीवर चढायची शिडी आणि शिडी न्यायला आलेला टेम्पो, असं ते त्याखेरीजचं होतं.

एक नोंद या वर्गवारीत कुठेही बसली नाही. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी 1957च्या आपल्या पुस्तकात एका समितीची सभा रंगवली आहे. एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर होते, कारण ती कोणालाच कळत नाही. साडेतीनशे पौंडांच्या सायकल-शेडवर पाऊण तास वाद होतो, कारण शेड सगळ्यांना कळते. आमची 1,10,000ची छपराची बाब एका चहात मंजूर झाली होती. दाराच्या बेलचा आवाज मात्र आम्ही तीन संध्याकाळी चर्चेला घेतला. कोकिळा, मंदिरातली घंटा की साधी ट्रिंग? मुलगी फोनवरून सामील झाली. जावई म्हणाला, मला काहीही चालेल, आणि मग अर्धा तास कोकिळेविरुद्ध बोलला. शेवटी साधी ट्रिंग घेतली, 380 रुपये. सौ.ने कारणीभूत वाक्याच्या रकान्यात 'पृ. 41 ते 43 पाहा' असं लिहिलं आहे.

आमचं सिमेंटचं शेवटचं पोतं मार्च 2025मध्ये रिकामं झालं. सिमेंटवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला तो त्याच वर्षी 22 सप्टेंबरला. हे मी वहीत लिहिणार होतो. सौ.ने वही काढून घेतली.

शेवटची नोंद रंगाच्या वेळची. स्वयंपाकघराच्या भिंतीत एक फडताळ आहे, त्याचं दार आतल्या बाजूने कधी रंगवलेलं नव्हतं. रंगाऱ्याने ते उघडलं तर आत शिसपेन्सिलीने हिशेब लिहिलेला. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर. 'कौले चाळणे. मजूर 2. सुतळी. चहा. खिळे. पन्हळ वगैरे.' खाली बेरीज 340, ती खोडलेली. तिच्याखाली 415, तीही खोडलेली. तिच्याखाली 560, आणि त्याखाली दोन रेघा, पेन्सिलीचं टोक तुटेल इतक्या दाबून ओढलेल्या. साल नाही. सौ. चष्मा लावून वाकून बराच वेळ वाचत होती. मग तिने मनातल्या मनात बेरीज करून पाहिली असावी, कारण तिचे ओठ हलत होते.

"बरोबर आहे," ती म्हणाली.

रंगाऱ्याने पॉलिश पेपरची घडी घातली. "घासून लांबी भरून घेऊ का, मॅडम? आता बाकीचं सगळं केलंच आहे तर…"

"ते राहू दे."

वहीच्या त्या दिवसाच्या ओळीत उजवीकडे तेवढंच लिहिलं आहे, 'राहू दे'. डावीकडे रक्कम नाही.